उपचार संपल्यानंतर : कर्करोगातून बरे झालेल्यांचे मागे उरणारे त्रास

प्रतिवर्षी या अहवालात आपण शस्त्रक्रियांची, किरणोपचारांची आणि केमोथेरपीची आकडेवारी पाहता. उपचार पूर्ण करून घरी गेलेल्या रुग्णांची नोंदही तीत असते. परंतु घरी गेल्यावर त्या रुग्णाला भाकरी चावता येते का, हात वर करून केस विंचरता येतात का, अनवाणी पायाला जमीन कळते का, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही. रोग आटोक्यात आला तरी उपचारांचे काही परिणाम शरीरात मागे राहतात आणि पुढे कित्येक वर्षे सोबत करतात. त्यांविषयी देणगीदारांना, विश्वस्तांना आणि विशेषतः रुग्णांच्या कुटुंबीयांना नीट माहिती असावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न असलेल्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १४ लाख नवे कर्करुग्ण आढळले. पुरुषांमध्ये ओठ व तोंडाचा, तर स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग सर्वाधिक होता. हे दोन्ही कर्करोग वेळीच सापडले तर बरे होऊ शकतात. म्हणजेच उपचारांनंतर दीर्घ आयुष्य जगणाऱ्यांची संख्या वाढत जाणार आहे, आणि ते आयुष्य कसे जगता येईल हा प्रश्न आता बाजूला ठेवता येणार नाही.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक वाक्य वारंवार ऐकू येते : "जीव वाचला, आता एवढे तर सोसायलाच हवे." या वाक्यात कृतज्ञता आहे, पण त्याच वाक्यामुळे अनेक रुग्ण आपला त्रास सांगत नाहीत आणि सांगतात तेव्हा उशीर झालेला असतो. या लेखात आम्हाला मुख्यतः सांगावयाचे आहे ते हेच. यांतील काही त्रास पूर्णपणे जात नाहीत, हे खरे. परंतु वेळेवर सांगितले, तर बहुतेक त्रास कमी करता येतात आणि काही टाळताही येतात.

मागे काय उरते, आणि का?

उपचारांचे दुष्परिणाम दोन प्रकारांनी टिकतात. काही उपचारांच्या काळातच सुरू होतात आणि नंतरही राहतात, उदाहरणार्थ तोंडाचा कोरडेपणा किंवा बोटांचा बधिरपणा. दुसरे परिणाम काही महिन्यांनी वा वर्षांनी, सर्व ठीक चालले असताना डोके वर काढतात. जबड्याचे आखडणे, हाताची सूज, थायरॉइड ग्रंथीचे मंदावणे हे या प्रकारात येतात. दुसऱ्या प्रकाराने रुग्ण अधिक घाबरतो, कारण रोग परत आला की काय, ही शंका पहिल्याप्रथम मनात येते.

याची कारणे समजण्यास अवघड नाहीत. शस्त्रक्रियेत रोगट भागाबरोबर आसपासच्या रसग्रंथी व त्यांच्या वाहिन्या काढाव्या लागतात आणि काही वेळा नसांना ओढ बसते. किरण रोगट पेशी नष्ट करतात, पण त्यांच्या वाटेतील निरोगी ऊतींवरही परिणाम करतात. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि मऊ स्नायूंच्या जागी हळूहळू कडक तंतू तयार होतात. ही क्रिया किरणोपचार थांबल्यावरही सुरू राहते. केमोथेरपीतील काही औषधे लांब नसांच्या टोकांना इजा करतात, तर काही हृदयाच्या स्नायूंवर परिणाम करतात. उपचार करणाऱ्यांना हे सर्व ठाऊक असते. तरीही उपचार द्यावे लागतात, कारण दुसऱ्या पारड्यात जीव असतो.

याचे एक उदाहरण देतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तोंडाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगात, मानेत गाठ हाताला लागण्यापूर्वीच तेथील रसग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या रुग्णांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. या अभ्यासाने उपचारांची दिशा निश्चित केली. मात्र मानेच्या या शस्त्रक्रियेनंतर अनेकांचा खांदा उतरतो, दुखतो आणि हात खांद्याच्या वर नेणे कठीण होते. जीव वाचवणारा निर्णय योग्यच असतो. त्यानंतर त्या खांद्याची काळजी घेणे हादेखील उपचारांचाच भाग मानला पाहिजे.

तोंड आणि मान

तोंडाच्या व घशाच्या कर्करोगानंतर सर्वांत जाचक ठरतो तो खाण्यापिण्यातील बदल. किरणांमुळे लाळग्रंथी मंदावतात आणि तोंड कोरडे पडते. कोरडा घास गिळत नाही, तिखट सोसत नाही, चव बदलते आणि रात्री पाण्यासाठी उठावे लागते. घरच्यांना कधी कधी हे नखरे वाटतात. ते नखरे नाहीत. लाळेवाचून भाकरीचा घास कागदासारखा होतो. भाकरी आमटीत वा दुधात कुस्करणे, मऊ भात, पातळ खिचडी, ताक, शिजवून घोटलेल्या भाज्या, प्रत्येक घासाबरोबर पाण्याचा घोट आणि बाहेर पडताना पाण्याची बाटली, अशा साध्या उपायांनी जेवण पुन्हा सुसह्य होते. किरण देण्याच्या सुधारित पद्धतीत लाळग्रंथी शक्य तितक्या वाचवता येतात. ब्रिटनमधील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, जुन्या पद्धतीने किरणोपचार घेतलेल्या ७४ टक्के रुग्णांना वर्षानंतरही लक्षणीय कोरडेपणा होता. सुधारित पद्धतीत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आले. तरीही त्रास कोणालाच होत नाही असे नाही.

लाळ दातांचे रक्षण करते. ती कमी झाली की दात झपाट्याने किडतात, विशेषतः हिरड्यांलगत. येथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावी. जबड्यावर किरणोपचार झालेले असतील तर दात दुखला म्हणून परस्पर काढून घेऊ नये. किरण मिळालेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असल्याने जखम भरत नाही आणि हाड कुजू लागण्याचा धोका असतो. हा धोका काही वर्षांनी संपतो असेही नाही. गावातील दंतवैद्याला आधी किरणोपचारांची माहिती द्यावी आणि त्यांनी आमच्या डॉक्टरांशी बोलावे. म्हणूनच किरणोपचार सुरू होण्यापूर्वी दातांची तपासणी करून वाईट दात काढून घेणे, जखम भरण्यास पुरेसा अवधी देणे आणि नंतर फ्लोराइडचा नियमित वापर करणे आवश्यक असते. मिश्री, तंबाखू आणि सुपारी यांना तर कायमचा रामराम ठोकला पाहिजे. त्या हिरड्यांना अपाय करतात आणि दुसऱ्या कर्करोगाला आमंत्रण देतात.

जबडा आखडणे हा तिसरा त्रास. साधारण ३५ मिलिमीटरपेक्षा कमी तोंड उघडत असेल, तर ते आखडलेले मानतात. घरी पाहायचे असेल तर स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, ते पाहावे. आपल्याकडे सुपारी व गुटखा खाणाऱ्या अनेकांचे तोंड कर्करोगापूर्वीच कमी उघडत असते. त्यात शस्त्रक्रियेचे व्रण आणि किरणांमुळे आलेला ताठरपणा यांची भर पडते. यावर औषधाची गोळी नाही, व्यायाम आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची जुडी दातांमध्ये धरून जबडा हळूहळू ताणायचा, दिवसातून अनेक वेळा, आणि काड्या एकेक करून वाढवायच्या. आमच्या भौतिकोपचार विभागात हा व्यायाम शिकवून काड्यांची संख्या वहीत लिहायला सांगतात. हा व्यायाम उपचारांच्या काळातच सुरू करणे श्रेयस्कर. कडक झालेला जबडा नंतर सैल करणे कितीतरी अवघड असते. खांद्याचेही तसेच. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी देताच व्यायाम सुरू झाले पाहिजेत.

मानेवर किरण मिळालेल्यांमध्ये थायरॉइड ग्रंथी काही काळाने मंदावू शकते. सतत मरगळ, वजन वाढणे, थंडी अधिक वाजणे, बद्धकोष्ठता, चेहऱ्यावर सूज ही त्याची लक्षणे होत. घरचे लोक म्हणतात की माणूस खचला आहे, आणि रुग्णालाही तसेच वाटू लागते. प्रत्यक्षात रक्ताच्या एका तपासणीने निदान होते आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यावयाच्या गोळीने माणूस पूर्ववत होऊ शकतो. म्हणून ही तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करून घ्यावी.

हाताची सूज

स्तनाच्या कर्करोगात काखेतील रसग्रंथी काढल्या किंवा तेथे किरण दिले, तर हातातील लसिका नावाच्या द्रवाचा परतीचा मार्ग अरुंद होतो. हा द्रव साचून हात सुजतो. ही सूज शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी येते, क्वचित कित्येक वर्षांनीही. पहिली चाहूल फार लहान असते. एका हातातील बांगड्या घट्ट होतात, पोलक्याची बाही रुतते, हात जड वाटतो. या टप्प्यावर आलेल्या भगिनीचा हात बऱ्याच अंशी ताब्यात ठेवता येतो. हात कडक व जाड झाल्यावर तेच काम दीर्घ आणि कष्टाचे होते.

उपचार चार अंगांनी होतात : त्वचेची काळजी, व्यायाम, प्रशिक्षित हाताने केलेला हलका निचरा-मर्दन, आणि दाब देणारी पट्टी वा बाही. जोरजोराने केलेली मालिश किंवा गरम शेक यांनी सूज वाढू शकते. सुजलेल्या हाताला जंतुसंसर्ग लवकर होतो. शेतात खुरपताना, भांडी घासताना, विळीवर चिरताना झालेली लहानशी जखमही साबण-पाण्याने धुऊन तिच्यावर जंतुनाशक मलम लावावे. हात लाल, गरम व दुखरा झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पूर्वी अशा स्त्रियांना जड उचलू नका, असे सरसकट सांगितले जाई. त्यामुळे पाण्याची कळशी, नातवंड, बाजाराची पिशवी या साऱ्यांची भीती बसली आणि हात वापराअभावी अशक्त झाला. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने दाखवून दिले की, देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने हाताची सूज वाढत नाही आणि हाताची ताकद मात्र वाढते. म्हणून आता आम्ही हात जपा असे सांगतो, पण वापरू नका असे सांगत नाही. किती व कसे वाढवावे, हे भौतिकोपचारतज्ज्ञ ठरवतील.

बधिर हात, बधिर पाय

पॅक्लिटॅक्सेल, सिसप्लॅटिन, ऑक्सॅलिप्लॅटिन, व्हिनक्रिस्टिन यांसारखी औषधे नसांच्या टोकांना इजा करतात. हातापायांना मुंग्या येतात, जळजळ होते किंवा ते बधिर होतात. बटण लावता येत नाही, नाणी मोजता येत नाहीत, तांदूळ निवडताना खडा बोटांना लागत नाही, चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. प्लॅटिनम गटातील औषधांनी होणारा त्रास तर उपचार थांबल्यानंतरही दोन-तीन महिने वाढू शकतो. याची पूर्वकल्पना नसल्यास रुग्ण घाबरून जातो. पुढे बऱ्याच जणांत तो हळूहळू उतरतो. काहींमध्ये मात्र थोडा अंश कायम राहतो.

गेलेली संवेदना परत आणणारे खात्रीचे औषध आज उपलब्ध नाही. वेदना व जळजळ असेल तर ड्युलॉक्सेटीन या औषधाचा उपयोग होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. बाजारात मिळणाऱ्या 'ताकदीच्या' गोळ्यांवर पैसा घालवू नये. मात्र मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांची तपासणी करून घ्यावी, कारण त्या नसांच्या दुखण्यात भर घालतात. बाकीचे काम सावधगिरीचे आहे. अनवाणी चालू नये, देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर नाहीच. मागे पट्टा असलेली पादत्राणे वापरावीत, रोज रात्री तळपाय निरखावेत, अंघोळीचे पाणी बोटांऐवजी कोपराने तपासावे आणि रात्री उठण्याच्या वाटेवर दिवा असू द्यावा.

जे सांगितले जात नाही

काही त्रास संकोचामुळे कधीच सांगितले जात नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील किरणोपचारांनंतर योनिमार्ग कोरडा व अरुंद होऊ शकतो, पाळी अकाली थांबते, लघवी वा शौचास वारंवार जावे लागते आणि काही वेळा काही वर्षांनी त्यातून रक्त जाते. अरुंदपणा टाळण्यासाठी साधने व व्यायाम आहेत. ते उपचारांनंतर लवकर सुरू केले तर उपयोग होतो. रक्त जाणे म्हणजे रोग परतला असे दरवेळी नसते, पण ते तपासल्याशिवाय ठरवता येत नाही. आमच्या परिचारिका भगिनी या गोष्टी एकांतात विचारतात. रुग्णाने मोकळेपणाने उत्तर द्यावे आणि पतीनेही ही माहिती समजून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

थकवा हा असाच न सांगितला जाणारा त्रास. उपचार संपून वर्ष झाले तरी जिना चढवत नाही, दुपारनंतर अंगातले त्राण जाते, आणि बाहेरून माणूस बरा दिसत असल्याने त्याला आळशी ठरवले जाते. रक्तक्षय, थायरॉइड, झोप व मनःस्थिती यांची तपासणी झाल्यावर या थकव्यावर सर्वांत उपयुक्त ठरलेला उपाय म्हणजे नियमित व्यायाम. रोज थोडे चालणे आणि ते क्रमाक्रमाने वाढवणे. केवळ पडून राहिल्याने थकवा वाढतो. रोग परत येण्याची भीतीही अनेकांची झोप उडवते. तपासणीची तारीख जवळ आली की ती वाढते. ही भीती बोलून दाखवणे हा दुबळेपणा नाही, आणि तिच्यासाठी समुपदेशन उपलब्ध आहे.

बालरुग्णांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांच्यापुढे संपूर्ण आयुष्य असते. वाढ, शिक्षण, संततिक्षमता आणि हृदयाचे आरोग्य यांवर होणारे परिणाम वयात आल्यावर दिसू शकतात. टाटा स्मारक रुग्णालयात १९९१ सालीच उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी स्वतंत्र तपासणी केंद्र सुरू झाले. बालपणी बऱ्या झालेल्यांची पुढेही देखरेख झाली पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती.

दोन गोष्टी जपून ठेवाव्यात

पहिली म्हणजे उपचारांचा सारांश. कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणती औषधे किती मात्रेत दिली, किरण कोणत्या भागावर व किती दिले, हे लिहिलेला कागद प्रत्येक रुग्णाने घरी जाण्यापूर्वी मागून घ्यावा. त्याच्या दोन प्रती काढाव्यात. दहा वर्षांनी एखाद्या गावच्या डॉक्टरांना धाप लागण्याचे कारण शोधताना, पूर्वी डॉक्सोरुबिसिन दिले होते ही एक ओळ हृदयतपासणीकडे बोट दाखवू शकते.

दुसरी म्हणजे धोक्याच्या सूचनांची ओळख. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम, मानेत वा काखेत नवी गाठ, विनाकारण घटणारे वजन, दिवसेंदिवस वाढणारी वेदना, गिळताना नव्याने येणारा अडथळा, उघडे पडलेले जबड्याचे हाड, यांपैकी काहीही दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. जुना त्रास कोणता आणि नवी सूचना कोणती, हे ठरविण्याची जबाबदारी रुग्णाची नाही. त्याने दाखवावे, आम्ही तपासू.

कुटुंबाचा आणि समाजाचा वाटा

या साऱ्यातील बहुतेक उपाय साधे आहेत : लाकडी काड्या, फ्लोराइड, दाबाची बाही, थायरॉइडची गोळी, चालणे. अडचण आहे ती त्यांच्या सातत्याची. दाबाची बाही साधारण सहा महिन्यांत सैल होते आणि बदलावी लागते. जबड्याचा व्यायाम महिनोन्महिने करावा लागतो. ज्या रुग्णाची मजुरी उपचारांत बुडाली, ज्याच्या घरचे दागिने गहाण पडले, त्याला तपासणीसाठी एस. टी.ने पुन्हा येण्याचा खर्चही जड जातो. मग तो येत नाही आणि आमच्या नोंदवहीत एक जागा रिकामी राहते.

शासकीय योजनांचा मुख्य भर शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांवर असतो, आणि त्यामुळे असंख्य कुटुंबे तरली आहेत. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते, आणि १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. या व्यवस्थेचा कणा खाट आहे. रुग्ण खाट सोडून घरी गेल्यानंतरच्या बाही, गोळी आणि प्रवासासाठी समाजाचा हात लागतो. यंत्रसामग्रीला दिलेल्या देणगीची पाटी भिंतीवर लागते. दाबाच्या बाहीवर नाव कोरता येत नाही. तरीही ती बाही घालून एखादी भगिनी पुन्हा शेतात उभी राहते, तेव्हा ते दान वाया गेले असे कोणी म्हणणार नाही.

कुटुंबीयांकडून आमची अपेक्षा याहून सोपी आहे. घरातल्या बऱ्या झालेल्या माणसाला "आता कसे वाटते?" असे मोघम विचारू नये. घास गिळतो का, बांगडी घट्ट झाली का, पायाला चटका कळतो का, झोप लागते का, असे विचारावे. नेमके विचारले की नेमके उत्तर मिळते, आणि ते उत्तर आमच्यापर्यंत लवकर पोहोचले तर पुढचे काम सोपे होते.

उपचार पूर्ण केलेल्या प्रत्येक रुग्णाने, त्रास असो वा नसो, ठरलेल्या तारखेस तपासणीसाठी अवश्य यावे, ही नम्र विनंती.